चेकिंगताई आणि आठ मिनिटांचा कॉम्प्युटर

चेकिंगताईंसमोर पोह्यांची बशी आणि चहाचा कप एकदम ठेवला, तर त्या आधी पोहे संपवत. शेवटचा शेंगदाणा खाऊन होईपर्यंत चहाकडे बघतसुद्धा नसत. तोवर चहावर साय धरलेली असे. "अहो, गार होतोय," मी म्हणायची. "होऊ द्या ना मॅडम. दोन्ही सोबत घेतलं तर कशाचीच चव समजत नाही." पस्तीस मिनिटांच्या तासात पन्नास मिनिटांचा धडा बसवण्यात माझी शाळेतली सगळी वर्षं गेली. त्यामुळे ही बाई पहिल्या दिवसापासून माझा अंत पाहणार, हे त्या बशीवरूनच मला कळायला हवं होतं.

इरा आणि निहार, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्या कधी स्क्रीनसमोर आल्याच नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते.

तुमच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतरच्या चौथ्या महिन्यातली ही गोष्ट. त्यांना सगळं समजत होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडत. वापीच्या स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं की जवळच्या माणसांशी बोलायची ओढ हेच खरं औषध. जवळची माणसं म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही भेटणार रविवारी, व्हिडिओ कॉलवर. मोबाईलवरचे चेहरे त्यांना नीट दिसत नसत. मोबाईल पुढे धरला की ते हाताने बाजूला सारत. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासमोर मात्र ताठ बसत. पण पहिला शब्द जुळवायला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागायची आणि आमचा कॉम्प्युटर आठव्या मिनिटाला तापून बंद पडायचा. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी त्यांनी चाकाची खुर्ची टेबलाकडे वळवूच दिली नाही. ब्रेकवर हात घट्ट धरून बसले.

दुकानदार म्हणाला, जुना झालाय, नवा घ्या, पंधरा दिवसांत मागवून देतो. पंधरा दिवस म्हणजे आणखी दोन रविवार. तेव्हा डोकमर्डीतल्या आमच्या सोसायटीतल्या खालच्या शेजारणीने चेकिंगताईंचं नाव काढलं. मसाटच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक पट्ट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, तयार होत, तिथे त्या तपासणीच्या, म्हणजे 'चेकिंग'च्या, लाईनवर होत्या आणि पाळी सुटल्यावर ओळखीच्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून देत. मूळच्या शहाद्याच्या. वय पस्तिशीचं, केसांना घट्ट अंबाडा, हातात एकच स्क्रू ड्रायव्हर.

मी तयारीत होते. प्रोसेसर का तापतो, याची चौदा कारणं इंटरनेटवरून उतरवून काढली होती, क्रमांक घालून. चेकिंगताईंनी कागद शांतपणे वाचला.

"मस्त लिहिलंय मॅडम. याच्यातलं आज एक करू."

"एक? चौदाही करून टाका ना. सगळं साहित्य इथे आहे."

"सगळं एकदम केलं आणि चालू झाला, तर कशामुळे झाला ते कोण सांगणार? परत बिघडला तर परत चौदा करायचे का?"

त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा खोका टेबलाखालच्या बंद कप्प्यातून काढून बाहेर ठेवला. बस. मग मला माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. दहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. त्यांनी वहीत 'कप्प्याबाहेर – १०' असं लिहिलं आणि चपला घातल्या. मी म्हटलं, निदान धूळ तरी काढा. "उद्या. मशीन पूर्ण थंड झाल्याशिवाय दुसरं माप नाही."

दुसऱ्या दिवशी धूळ. झाकण उघडून ब्रशने पंख्याची पाती एकेक करून साफ केली. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या जाळीतून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या भागातून, निघालेली धूळ मी कागदावर घेतली. मला लाज वाटण्याइतकी होती. कॉल लावला. तेरा मिनिटं. "दोन मिनिटं कप्प्याची, तीन धुळीची," त्या समाधानाने म्हणाल्या. मला कुठलं समाधान? रविवार चार दिवसांवर आला होता. माझ्या कागदावर 'प्रोसेसर आणि जाळीमधली पेस्ट वाळणे' हे कारण सहाव्या क्रमांकावर ठळक अक्षरांत होतं आणि बाई पंखा नीट फिरतो का ते बघायला गुरुवारी येणार होत्या.

मग मी एक गोष्ट केली. गुरुवारी त्या यायच्या आधी खोक्याचं झाकण काढलं आणि शेजारच्या स्टुलावर टेबलफॅन ठेवून पूर्ण वेगात सोडला. त्या आल्या तेव्हा फॅन जागेवर ठेवला होता, झाकण लावलं होतं, आणि मी अभिमानाने सांगितलं, आज एकवीस मिनिटं चालला.

त्यांनी खोक्याला हात लावून पाहिला. मग खोलीत इकडेतिकडे बघितलं. स्टूल तिथेच होतं.

"मॅडम, टेबलफॅन लावला होता का?"

"थोडा वेळ. मदत म्हणून."

"मग एकवीस तुमच्या फॅनचे. मशीनचे किती ते मला कसं समजणार?" आवाज चढला नाही, पण वही मिटली. "आता थंड होऊ द्या. मी उद्या येते."

"अहो, रविवार आलाय."

"आलाय ना. म्हणूनच."

मुख्याध्यापिका म्हणून मी शिक्षिकांना, शिपायांना, एकदा तर शिक्षणाधिकाऱ्यांनाही गप्प केलेलं आहे. त्या दिवशी माझ्याच घरात मी गप्प झाले, आणि मला त्याचा फार राग आला.

शुक्रवारी पंखा पाहिला. पंखा ठीक निघाला. मिनिटं तेराच. पण त्याच संध्याकाळी दुसरंच काही झालं. आजोबा खुर्चीतून आमच्याकडे बघत होते आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं. "पा..." ते म्हणाले.

"पाणी," मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पा..."

"पाय दुखतोय? पाठ?" त्यांनी डोळे मिटले. मी पाणी आणलं. त्यांनी ग्लास ढकलला.

चेकिंगताई झाकणाचा स्क्रू आवळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही इथंबी टेबलफॅन लावू राहिले."

"म्हणजे?"

"बाबा स्वतः किती चालतात, ते समजूच देत नाहीत तुम्ही."

बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या नवऱ्याबद्दल मला स्क्रू ड्रायव्हर घेतलेल्या बाईने सांगावं? मी त्यांना त्या दिवशी चहा विचारला नाही, हे आज कबूल करते. 'पा'ने काय सुरू होत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

शनिवारी त्यांनी पेस्ट बदलायला जाळी उचलली आणि थांबल्या. "या, बघा." जाळी चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी पट्टीवर दाबून बसवलेली असते. त्यातली एक खुंटी तुटलेली होती. एका कोपऱ्यात जाळी प्रोसेसरला टेकतच नव्हती, म्हणून उष्णता आतच साठत होती. माझ्या चौदा कारणांत हे नव्हतं. वापीला जाऊन त्या नवी जाळी आणि तिच्याबरोबरच येणारा पंखा घेऊन आल्या, बसवलं, आणि कॉल लावून एक तास घड्याळासमोर बसल्या. पडदा काळा झाला नाही.

"पहिल्या दिवशीच जाळी उचलली असती तर?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"तर तुम्ही कॉम्प्युटर परत कप्प्यात बंद केला असता," त्या म्हणाल्या. हे मात्र खरं होतं. कप्पा मी त्यासाठीच करवून घेतला होता.

पुढच्या वर्षी त्यांच्या कारखान्यातली लाईन बंद झाली आणि नवऱ्याला चाकणला काम मिळालं. निघताना रिक्षा खाली उभी करून दोन मिनिटं वर आल्या. "वर्षातून एकदा पेस्ट बदलून घ्या मॅडम. पण त्याच दिवशी धूळ नका काढू." मी हो म्हटलं. धूळ मी वेगळ्या दिवशी काढते आणि दर वेळी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते.

पण तो रविवार सांगायचा राहिला. यंत्र खऱ्या कॉलवर टिकतं का ते बघायला चेकिंगताई आल्या होत्या; कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने माझ्या बाजूला बसल्या होत्या. मी विनवून विनवून आजोबांची खुर्ची टेबलाशी आणली होती. तुम्ही बोलत होतात. आठ मिनिटं झाली, तेरा झाली. विसाव्या मिनिटाच्या आसपास आजोबा पुढे झुकले आणि म्हणाले, "नि..."

मी तोंड उघडलं. माझ्या मनगटावर एक हात पडला आणि घट्ट दाबला गेला.

तुमची आई म्हणाली, "हॅलो? आई, आवाज येत नाहीये. अडकलं वाटतं." काही अडकलं नव्हतं. आम्ही तिघं नुसते बसलो होतो, आणि माझं मनगट दुखत होतं. बराच वेळ गेला. मग आजोबा म्हणाले, "निहार, दात कुठे?"

निहार, तुझे पुढचे दोन दात त्या आठवड्यात पडले होते. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी त्यांच्या वतीने 'निहार, कसा आहेस' म्हणणार होते.