शिंपल्यांच्या माळा

लग्न होऊन मी गोतो बेटांवरच्या कोउरा गावात आले, त्याच वर्षी नाताळच्या आधी सासूबाईंनी मला वरच्या घरी पिटाळलं. "तोमेकडे जा आणि चांदण्या करायला शीक. चर्चच्या सजावटीला प्रत्येक घरातून एक बाई लागते. माझी बोटं आता वळत नाहीत. आणि हे बघ, तिथे काही वेगळं दिसलं तर तोंडावर काही दाखवू नकोस."

काय वेगळं दिसणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तोमेमावशी तेव्हा चाळिशीच्या आत होती. बारीक चणीची, पण मनगटं पुरुषासारखी. नवरा समुद्रात गेलेला, एकुलता मुलगा सेइजी शाळेत जाणारा. ती जमिनीवर बसली होती आणि पुढ्यात सातूचं काड कोमट पाण्यात भिजत घातलं होतं. बाजारातून सजावट आणायला गोतोच्या बेटांवर कुणाकडे पैसे होते? जे शेतात उरेल, किनाऱ्यावर येईल, डोंगरावर उगवेल त्याचाच नाताळ. काड भिजलं की नखाने चिरायचं, उघडून त्यावर निखाऱ्याची इस्त्री फिरवायची. मग त्याची पिवळीधमक पट्टी होते, सोन्याचा मुलामा दिल्यासारखी. अशा चार पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवायच्या, जुन्या जाळ्याच्या दोऱ्याने मध्ये आवळायच्या आणि टोकं कातरायची. झाली चांदणी.

माझी पहिली चांदणी हातात घेऊन मावशीने उलटसुलट पाहिली. "हे काय गं? खेकडा केलास का?"

"पहिलाच आहे, मावशी."

"असू दे, असू दे. देखाव्यातल्या गोठ्यात मागच्या बाजूला लावू. बाळ येशूला खेकडा दिसला म्हणून काही तो रडणार नाही." ती इतकी मोकळी हसली की मला सासूबाईंचं बोलणं विसरायला झालं.

दुपार कलली तसा वायव्येचा वारा सुटला. बाहेर वळचणीला काहीतरी किणकिणायला लागलं. येताना मी पाहिलं होतं, आवाबीच्या शिंपल्यांच्या माळा होत्या त्या. आवाबी म्हणजे खडकाला चिकटणारी, महाग विकली जाणारी खाण्याची समुद्री गोगलगाय; तिचा शिंपला कानासारखा चपटा, बाहेरून खडबडीत, आतून निळा-हिरवा झळाळणारा. त्याला कडेने जन्मतःच भोकं असतात, त्यामुळे दोरा ओवायला कष्ट नाहीत. पाखरं हाकलायला आमच्याकडे तो शेतातही टांगतात.

मावशीचा हात थांबला. "हो, हो, आले," असं म्हणत ती उठली. चुलीजवळ तापत ठेवलेला पंचा तिने उचलला, दार सरकवलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. पंचा दोन्ही हातांवर धरलेला, कुणाच्या तरी ओल्या खांद्यांवर टाकायला निघाल्यासारखा. वारा आत घुसला, काड घरभर उडालं. समोर कुणी नव्हतं. खाली धक्का, त्यापलीकडे करडं पाणी.

थोड्या वेळाने तिने दार लावलं, पंचा घडी करून पुन्हा चुलीजवळ ठेवला आणि माझ्यासमोर बसली. "कुठवर आलो होतो आपण? हां, टोकं कातर."

मी खाली मान घालून टोकं कातरत राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि भाताचं पातेलं खाली उतरवून सगळं सांगितलं. गावची एक बोट होती, तोराकिची नावाच्या तांडेलाची. तिच्यावर पाच जण. तोमेचा नवरा इसाकु त्यातलाच. माझ्या लग्नाच्या काही वर्षं आधीची गोष्ट. नाताळ जवळ आला होता आणि तोमेने चर्चसाठी या वर्षी काहीतरी नवीन करायचं डोक्यात घेतलं होतं. वेदीपासून दारापर्यंत शिंपल्यांच्या माळा सोडायच्या, म्हणजे मेणबत्त्यांच्या उजेडात सगळं चर्च समुद्राच्या आतल्यासारखं दिसेल. "मोठे शिंपले आणा हं," असं तिने इसाकुला धक्क्यावर सगळ्यांदेखत सांगितलं. मोठे आवाबी कुरोसेच्या खडकापाशी. तिकडून परतणाऱ्या शेजारगावच्या बोटीने यांना कुरोसेकडे जाताना पाहिलं. आभाळ फिरतंय, मागे वळा, असं त्यांनी ओरडून सांगितलं. तर इसाकु हसत ओरडला, "घरी शिंपले न्यायचेत!"

त्यानंतर त्या पाच जणांना कुणी पाहिलं नाही. एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही.

"पुढच्या नाताळला तोमेने गावातल्याच शिंपल्यांच्या माळा करून चर्चमध्ये लावल्या," सासूबाई म्हणाल्या. "तांडेलाची बायको सेकी आत आली. माळा पाहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाली, 'काढ त्या. तुझ्या शिंपल्यांपायी पाच घरं बुडाली.' तोमेने शिडी लावून सगळ्या उतरवल्या. जाता जाता एवढंच म्हणाली, 'चर्चमध्ये नाही लावणार, ताई. माझ्या घरावर मात्र राहू दे. त्याला घर ओळखू यायला हवं.'"

तेव्हापासून तोमेमावशीने चार विधवांच्या घरची कामं अंगावर घेतली. कुणी सांगितली नव्हती. कुणी नकोही म्हटलं नाही. दोघी पुढे मुलांकडे निघून गेल्या, एक वारली. उरली सेकीकाकू. तिचं रताळ्याचं शेत मावशी खणायची, रताळ्यांचे काप करून मांडवावर वाळत घालायची, तिच्या घरचं पाणी भरायची. सेकीकाकू ओसरीवर बसून बघायची. कधी म्हणायची, "काप जाड झालेत." मावशी म्हणायची, "उद्या पातळ करते, ताई."

आणि वारा सुटला की आमच्या घरापर्यंत ती किणकिण यायची. पाठोपाठ दार सरकल्याचा आवाज. मला मुलं झाली, मोठी झाली, ती या आवाजातच. माझी धाकटी एकदा जेवता जेवता सहज म्हणाली, "इसाकुकाका आले वाटतं." सासऱ्यांनी क्रुसाची खूण केली. खरं सांगते, मलाही काही वेळा वाटायचं की दार उघडल्यावर ते लावायला मावशी जितका वेळ घेते, तो एका माणसाला आत यायला लागतो तितकाच आहे.

वर्षं गेली. नोकऱ्यांच्या मागे तरुण माणसं सासेबोला, ओसाकाला गेली. शाळा बंद पडली. फादर दुसऱ्या बेटावरून बोटीने यायचे, तेही समुद्राने येऊ दिलं तर. चर्चची सजावट करायला आम्ही तिघीच उरलो. मी, तोमेमावशी आणि सेकीकाकू. सेकीकाकूचा डावा हात तोवर लुळा पडला होता, पण उजव्या हाताने ती लाल फळांची काटेरी वेल गोल वळवायची. तीन बायकांची सजावट तीन बायकांएवढीच. तरी कामेलियाची चकचकीत पानं, काडाच्या चांदण्या आणि जुन्या कॅलेंडरांची कागदी फुलं लावली की चर्च भरल्यासारखं वाटायचं.

अशाच एका दुपारी चर्चमागच्या खोलीत बसलो होतो. सकाळीच मावशीने सेकीकाकूची रताळी वाळत घातली होती. तिच्या केसांना अजून त्यांचं पीठ लागलेलं होतं. सेकीकाकू तिच्याकडे बघत होती. अचानक म्हणाली, "उद्यापासून माझ्या शेतात येऊ नकोस, तोमे."

"का, ताई? काप पुन्हा जाड झाले का?"

"तू काही केलेलं नाहीस. तेच सांगतेय. तू काहीच केलेलं नाहीस."

मावशी हसली. "आज औषध घेतलं नाहीत वाटतं."

"ऐक माझं. कुरोसेला ते तुझ्या शिंपल्यांसाठी गेले नव्हते. मी पाठवलं होतं." सेकीकाकूने वेल खाली ठेवली. "मला शिवणयंत्र हवं होतं. नव्या वर्षाच्या आत हवं होतं, माझ्या बहिणीकडे होतं म्हणून. वर्षाअखेरीला आवाबीला काय भाव येतो तुला ठाऊक आहे. कुरोसेचे आवाबी दुसऱ्या गावाचे, आपल्याला हात लावायची बंदी. मी म्हटलं, कोण बघतंय? एकदा काढून आणा. आमचे हे नको म्हणत होते. मी जेवायला वाढलं नाही त्यांना. आदल्या संध्याकाळी पाचही जणांनी आमच्याकडे बसून ठरवलं."

मला वाटलं, मावशी आता रडेल. इतकी वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं उतरलं की माणूस रडतं. मी तिचा हात धरायला पुढे सरकले. तिने माझा हात झटकला.

"खोटं आहे," ती म्हणाली. "तो ओरडला होता. घरी शिंपले न्यायचेत म्हणून. त्या बोटीवरच्या सगळ्यांनी ऐकलंय."

"चोरी करायला चाललोय, असं कुणी ओरडून सांगतं का गं?"

"माझं नाव घेऊन हसला होता म्हणे."

"तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं, तोमे. ते लोकांनी मागून जोडलं. मीही जोडलं."

मावशीने समोरची चांदणी बाजूला सारली. मग इतक्या हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं. "मी मारलं त्याला, असं म्हणत होतात ते चाललं असतं, ताई. माझ्यासाठी गेला होता, एवढं तरी होतं माझ्याकडे. आता मरताना त्याच्या मनात तुमचं शिवणयंत्र होतं, असं सांगताय तुम्ही मला."

ती उठली आणि चप्पल उलटसुलट घालून घरी निघून गेली. सेकीकाकू म्हणाली, "मला वाटलं, तिला बरं वाटेल." दोघींनाही मी ओळखते, असं तोवर समजत होते.

त्या नाताळला चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मावशी आली नाही. घरावर एकही चांदणी नाही. वळचणीच्या माळाही तिने उतरवल्या होत्या. वारा आला तरी वर सगळं गप्प, आणि ती शांतता माझ्या अंगावर येई. मी मोची, म्हणजे चिकट तांदळाचे मऊ गोळे, घेऊन वर गेले. ती चुलीपाशी बसली होती. पंचा तिथे नव्हता.

"तो येईना झालाय," ती म्हणाली.

"माळा काढल्यात तुम्ही, मावशी."

"माळांचं काही नाही गं. मीच बोलवत नाही." मोचीचा तुकडा तिने मोडला आणि नुसता हातात धरून ठेवला. "यायचा तेव्हा भीती वाटायची. तुला खोटं वाटेल, पण रोज भीती वाटायची. त्याच्या अंगाला खारट वास असायचा. तरी घरात कुणीतरी आल्यासारखं व्हायचं."

नव्या वर्षानंतर एका सकाळी सेकीकाकूच्या घराकडे पाहिलं तर वळचणीला आवाबीच्या माळा. सगळ्या. मावशीच्याच गाठी, लगेच ओळखू येणाऱ्या. कधी जाऊन बांधल्या कुणास ठाऊक. दया म्हणून की सूड म्हणून, हेही मला आजतागायत कळलेलं नाही. सेकीकाकूला विचारलं, "काढू का?" तर तिने नको म्हणून मान हलवली.

त्यानंतर वारा सुटला की दार सेकीकाकूच्या घराचं सरकायचं. एका हाताने तिला ते धड उघडता यायचं नाही. अर्धवट सरकलेल्या दाराआडून तिचा आवाज यायचा, "या, या. भिजलात ना?" मी खाली स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे आणि पातेल्यावर झाकण आपटायचे, म्हणजे माझ्या कानांवर दुसरं काहीतरी पडावं. मावशी रोज दुपारी तिच्याकडे जायची. शेतात नाही. जवळ बसायला जायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मी रताळी द्यायला गेले तर मावशी विचारत होती, "तांडेल एकटेच येतात का?" सेकीकाकू म्हणाली, "एकटेच. मी विचारलं इसाकुबद्दल. बोलत नाहीत ते."

दोन हिवाळ्यांनी सेकीकाकू गेली. तिच्या मुलाने घर बंद केलं. मावशीने तिच्या प्रेताला स्वतः आंघोळ घातली, लुळ्या हाताची बोटं एकेक सरळ करून त्यात रोजरीची जपमाळ गुंफली. मग सेइजी आला आणि आईला सासेबोला घेऊन गेला.

मागच्या नाताळला मी तिला भेटायला गेले. सेइजीचं घर चौथ्या मजल्यावर, दाराबाहेर अरुंद गच्ची. मावशी पार वाकलीय, पण हात चालू. दुधाची रिकामी खोकी उघडून, धुऊन, कापून चांदण्या करते. आतली पांढरी बाजू वर ठेवते, त्यावर चहाच्या पाकिटांतला चंदेरी कागद चिकटवते. जिन्यात प्रत्येक दाराला तिची एक चांदणी. शेजारणी मुलांना तिच्याकडे पाठवतात.

मी कोउराहून थोडे शिंपले नेले होते. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी मला परत दिली.

"इथे नको," ती म्हणाली. "चार जिने चढून त्याला दमायला होईल."

मग कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बस. टोकं कातर."