क्रुसाच्या विहिरीचं पाणी आणि आमची स्टाफरूम

आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर काय काय साचलेलं असायचं! मोडकी पट्टी, फाटका नकाशा, कोणीतरी विसरलेली छत्री. किस्सेही तसेच साचतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण एक खाली काढायला जावं तर मागचे चार अंगावर पडतात. परवा चौधरी सर एका लग्नात भेटले आणि म्हणाले, "टीचर, ती स्कायलॅब आठवते का हो?" झालं! वऱ्हाड जेवून उठलं तरी आम्ही दोघं रिटायर मंडळी तिथेच.

सत्तरच्या दशकाची अखेर आणि ऐंशीची सुरुवात, तेव्हाच्या या गोष्टी. गिरीजजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवायची. हेडमास्तर म्हणजे आमचे फादर. धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाण्याआधी फिजिक्स शिकलेला माणूस, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला मजा यायची. चौधरी सर गणित आणि भूगोल घ्यायचे, घरची केळीची वाडी सांभाळून. आणि शिपाई पावलू, कोळीवाड्यातला. मी त्याच गावची. त्यामुळे शाळेत "टीचर" असले, तरी कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा "पेद्रूची फिलू"!

मला त्या काळात गावाकडून एकच गोष्ट हवी होती. पाणी उकळून प्या! बस्स, एवढंच. गावात एक क्रूस आहे आणि क्रुसाला लागून विहीर, आमच्या बोलीत बाव. मे महिन्यात क्रुसाचा सण झाला की फादर विहिरीला आशीर्वाद द्यायचे आणि गाव वर्षभर तेच पाणी प्यायचं. ख्रिस्ती प्यायचे, हिंदूही प्यायचे. विहिरीला खेटून बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आणि त्यात म्हशी डुंबणार. पावसाळा संपता संपता गावात कावीळ ठरलेली. माझा धाकटा भाऊ इनास शाळेत असताना तिच्यातून कसाबसा वाचला. त्याचे पिवळे डोळे मी विसरलेली नाही. म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागायची, आणि लोक मला वैतागायचे. मी त्यांना किती वैतागले, ते आता ऐका.

* * *

स्कायलॅब पडणार म्हणून रेडिओवर रोज बातम्या. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा आता कुठे कोसळेल सांगता येत नाही म्हणे! गाव हादरलं. आमचे आगुस्तीन काका, क्रुसाच्या सणाचे मुख्य कारभारी, गावातली सगळ्यात मोठी केळीची वाडी त्यांची. त्यांनी अर्धे घड कच्चेच उतरवले. उद्या आपण असू-नसू, केळी तरी वाया जायला नकोत!

फादरनी त्यांना शाळेत बोलावलं, फळ्यावर पृथ्वी काढली, समुद्र काढला, जमीन काढली. "बघा आगुस्तीन, एवढ्या मोठ्या पृथ्वीवर तुमची वाडी म्हणजे खडूचा ठिपकासुद्धा नाही. तिथेच पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य."

काका फळ्याकडे बघत म्हणाले, "जवळजवळ?"

"हो."

"म्हंजे पडू शकते."

"तसं म्हटलं तर... शकते."

"मग उरलेले पन उतरवतो!"

मी संधी साधली. म्हटलं, "काका, बावखलातली घाण विहिरीत उतरते, त्या पाण्यानं कावीळ होऊ शकते. मग पाणी उकळा की!"

काका माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "कशावरून?"

* * *

मग आलं सूर्यग्रहण. चौधरी सरांनी आठवडाभर आधी वर्गात दिवा लावला, नारळाची पृथ्वी केली, लिंबाचा चंद्र केला आणि असं सुंदर ग्रहण शिकवलं की मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. "मुलांनो, राहू नाही, केतू नाही, नुसत्या सावल्या आहेत सावल्या!" मला वाटलं, चला, गावात आपण दोघं तरी झालो.

ग्रहणाच्या दिवशी फादरनी पटांगणात कार्यक्रम ठेवला. पुठ्ठ्याला भोक पाडून पांढऱ्या कागदावर सूर्य दाखवायचा. वेळ झाली. पटांगणात फादर, मी आणि पावलू. बाकी कुत्रं नाही! चौधरी सरांचाही पत्ता नाही.

फादर हिरमुसले. "हिंदू घरातून पाठवणार नाहीत, हे मी समजू शकतो. पण आपले ख्रिस्ती लोक कुठे गेले? आपल्यात ग्रहण पाळत नाहीत ना?"

पावलू पुठ्ठा धरून उभा होता. तो म्हणाला, "पाळत नाय फादर. पन बाहेर पन पडत नाय."

दुसऱ्या दिवशी चौधरी सर आले, ताजेतवाने. उपास केला, ग्रहण सुटल्यावर आंघोळ केली, हंड्यातलं पाणी ओतून दिलं, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान ठेवलं, सगळं यथासांग! माझी तर तळपायाची आग मस्तकाला गेली. "सर, नुसत्या सावल्या आहेत म्हणून तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं की. बरोबरच शिकवलं."

"मग?"

"टीचर, ते पोर्शनमध्ये आहे हो. घरात थोडंच आहे?"

* * *

मोठी माणसं जाऊ देत खड्ड्यात, आपण मुलं घडवू, असं मी ठरवलं. वर्गात रोज एकच मंत्र. "कोणाचं ऐकू नका! फादरांचं नको, भटजींचं नको, माझंही नको. स्वतःच्या डोक्यानं विचार करा!" घरीही तेच चालू असायचं. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत ऐकायची आणि म्हणायची, "बरं गो बाय, करतो विचार, आधी जेव."

एकदा म्हटलं, बघू तरी मंत्र कितपत चालतो. आठवीचा वर्ग होता. मी मुद्दाम गंभीर चेहरा करून सांगितलं, "लिहून घ्या. लोखंडाचा खिळा पाण्यावर तरंगतो." आणि वाट बघत उभी राहिले. आता कोणीतरी उठेल, आता म्हणेल, टीचर, आमचा खिळा तर विहिरीत पडला तो पडलाच!

सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांची पेनं चालू. पोरं कोळ्यांची, वाडीवाल्यांची, जन्म पाण्याकाठी गेलेला, तरी लिहितायत! मी रडकुंडीला आले. इतक्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. मला इतका आनंद झाला की काय सांगू! सगळ्यांना थांबवलं, म्हटलं, "शाबास! विचार, विचार. घाबरू नकोस."

"टीचर," ती म्हणाली, "'तरंगतो' अंडरलाइन करायचं का?"

* * *

आता मायक्रोस्कोपचं सांगते. शाळेला नवा मायक्रोस्कोप मिळाला होता. मी म्हटलं, सांगून पटत नाही ना, डोळ्यांनीच दाखवू. क्रुसाच्या सणाच्या मीटिंगसाठी मंडळी शाळेत जमली होती. क्रुसाच्या विहिरीचं पाणी आणलं, काचेवर थेंब ठेवला आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. कावीळ याच किड्यांनी होते असं मी म्हणत नव्हते, पण ज्या पाण्यात एवढा बाजार भरलाय ते तसंच पिऊ नये, एवढं तरी कळेल!

पहिला मान आगुस्तीन काकांचा. त्यांनी टोपी काढली, एक डोळा मिटला आणि वाकले. वाकले ते वाकलेच. वळवळणारे, गरगर फिरणारे, एकमेकांवर आपटणारे जीव. मी बाजूला उभी राहून विजयाची वाट बघतेय.

काका सरळ झाले. डोळ्यांत पाणी! क्रुसाच्या दिशेनं हात जोडले आणि मंडळींना म्हणाले, "बघा रे बघा! आपल्या बावीच्या एका थेंबावर किती जीव पोसलेत. म्हंजे पानी किती चांगलं असंल!"

त्या वर्षी विहिरीवर जास्तच गर्दी झाली.

* * *

शेवटी मी हरले आणि फादरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "फादर, तुम्ही रविवारच्या मिस्सात सांगा. प्रवचनात. पाणी उकळून प्या म्हणून."

फादर हसायला लागले. "टीचर, तुम्ही वर्गात सांगता ना, फादरांचं ऐकू नका?"

"सांगते."

"आणि आता म्हणता, फादर, तुम्ही सांगा म्हणजे ऐकतील!"

मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. फादरच म्हणाले, "मलाही हे आवडत नाही. देव आहे असं मी सांगितलं तर एकही माणूस कशावरून विचारत नाही. तिथे विचारलं तर मला आनंद होईल. आणि जिथे विचारायची गरज नाही, तिथे सगळे विचारतात! पण इनासची कावीळ मीही बघितली आहे. सांगतो."

पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. पुरावे नाहीत, फळा नाही, मायक्रोस्कोप नाही. नुसतं, "माझ्या बंधुभगिनींनो, विहिरीचं पाणी उकळून प्या." संपलं! सोमवारी सकाळी घराघरांतून धूर. ज्या गावानं मला इतकी वर्षं झुलवलं, ते एका रात्रीत पाणी उकळायला लागलं. आगुस्तीन काका रस्त्यात थांबवून मला म्हणाले, "फिलू, पानी उकळूनच पी हां. फादर बोललेत, म्हंजे सायन्सच असनार!"

चौधरी सरांच्या आळीत उशिरा सुरुवात झाली. अमावस्या मध्ये आली होती.

तरी मी खूश होते, खोटं कशाला बोलू? कशानंही का होईना, पाणी उकळतंय. आमच्या घरी तर आई स्वतः जातीनं बघायची. मोठं पातेलं, झावळ्यांचा जाळ, खळखळ उकळी, वर स्वच्छ फडकं. मी वर्गात आमच्या घराचं उदाहरण द्यायची. स्टाफरूममध्येही देत असणार, कारण चौधरी सर लांबून मला बघितलं की म्हणायचे, "आलं बघा उकळलेलं पाणी!"

* * *

आणि मग लिझीला कावीळ झाली.

लिझी म्हणजे इनासची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. घाबरू नका, पोर बरी झाली, आज तीच दोन मुलांची आई आहे. पण तेव्हा तिचे डोळे पिवळेजर्द. बापाचे होते तसेच! डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी उकळता ना?" मी जवळजवळ ओरडलेच, "डॉक्टर, गावाला आम्ही शिकवलं!"

शाळेत गेले तर चौधरी सर म्हणाले, "टीचर, तुमच्याच घरी?" हसले नाहीत, एवढे उपकार. आगुस्तीन काकांचं मात्र निदान तयार होतं. पोरगी उकळलेलं पाणी प्यायली, म्हणूनच झालं!

मी वेडी व्हायची बाकी होते. सगळं तपासलं. माठ घासला, फडकं बदललं, पेले गरम पाण्यात घातले. लिझी शाळेतही घरचीच बाटली न्यायची. मग शिरलं कुठून? जे जे शिकवलं होतं ते खरं की खोटं, अशी शंका मला पहिल्यांदा आली, आणि ती फार वाईट होती.

रविवारी दुपारी फादर लिझीला बघायला आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग ओट्यावर बसले. ऊन रणरणत होतं. आईनं त्यांना माठातलं पाणी दिलं, आणि माठ तळाला गेला म्हणून आत जाऊन सकाळी उकळलेलं, निवलेलं पातेलं घेऊन आली. पाणी माठात ओतलं. फडकं बांधणार, तेवढ्यात थांबली. कोपऱ्यातल्या पितळेच्या तांब्यावरचं झाकण काढलं, त्यातून एक पळी भरली आणि माठात सोडली. कपाळ, छाती, खांदे, क्रुसाची खूण केली. मग फडकं बांधलं.

"आई," मी म्हटलं, "हे काय घातलंस?"

"क्रुसाच्या बावीचं पानी."

"उकळलेलं?"

"उकळलेलं कशाला? तेच तर उकळतो ना आपन! उकळून उकळून त्यातला आशीर्वाद सगळा जळून जातो की गो. म्हनून वरून एक पळी कच्चं घालायचं."

मी वळून फादरांकडे बघितलं. फादरांचा पेला अर्धा झाला होता. त्यांनी तो हळूच ओट्यावर ठेवला.

"कधीपासून घालतेस?"

"फादर बोलले उकळा, त्याच दिवसापासून. आगुस्तीनच्या बायकोला मीच सांगितलं, पावलूच्या आयेला सांगितलं, सगळ्या आळीला सांगितलं. चौधरींची सून विचारायला आली, तिला बोलले, तू तुझं तीर्थ घाल."

फादर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, पण हे असं करायला तुम्हाला सांगितलं कोणी? मी तर नव्हतं सांगितलं."

आई माठावरचं फडकं नीट करत होती. तिनं मान वर केली. चेहऱ्यावर असा अभिमान की काय सांगू!

"कोनी कशाला सांगाया पायजे, फादर? आमची फिलू रोज वरडते ना, कोनाचं ऐकू नका, आपल्या डोक्यानं विचार करा. मी केला!"