फिंटनची कबर कोण खणणार?

आयर्लंडमधल्या किलब्रॅक गावात माणूस कितीही वाईट असो, त्याची कबर शेजारी खणतात. घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नाही. मजूर आणले तर गावानं तोंडावर थुंकल्यासारखं होतं. आणि सोमवारी कबर उघडायचीच नाही. सोमवारीच पुरायचं असेल तर आदल्या दिवशी, उजेड असताना, सख्ख्या शेजाऱ्यानं येऊन निदान मातीची एक ढेप उलटायची.

डब्लिनच्या प्राध्यापकाला हे कोण सांगणार? ब्रुसेल्सहून लेखक फिंटन हेहरची शवपेटी येणार म्हटल्यावर त्यानं तार ठोकून सोमवार ठरवून टाकला. मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंतपणी फिंटनला डब्लिननं विचारलं नव्हतं, मेल्यावर तो थोर झाला.

त्याच्या थोरपणाची शिक्षा भोगली ती धाकट्या बहिणीनं, डीलियानं. फिंटननं गावावर पुस्तक लिहिलं आणि बोटीत बसून पसार झाला. सरकारनं पुस्तकावर बंदी घातली, म्हणून गावातल्या प्रत्येकानं ते वाचलं. मग चर्चमध्ये डीलियाच्या बाकावर कोणी बसेना. तिला मागणी घालायला येणारा लोहार यायचा बंद झाला, तो कायमचाच. ती कोंबड्या पाळत, आईबापांची दुखणी काढत एकटी म्हातारी झाली आणि दिसेल त्याच्यापुढे मान खाली घालत राहिली.

पुस्तकात सगळ्यात जास्त झोडपलं होतं ते शेजारच्या टाल्टीबाईला. बाई आता मातीत होती, पण तिचा मुलगा मार्टी तेव्हापासून डीलियाशी एक शब्द बोललेला नव्हता. नेमका तोच सख्खा शेजारी. त्यानं ढेप उलटली नाही तर दुसरा कोणी पुढे होणार नव्हता, आणि भावाची पेटी सोमवारी सगळ्या गावादेखत उघड्यावर पडली असती.

खणायला या म्हणून बोलवायची तर रीत नव्हती. रविवारी सकाळपासून डीलियानं खणणाऱ्यांसाठी टेबलावर व्हिस्की, पाव आणि तंबाखू मांडून ठेवला होता. त्याला कोणी शिवलं नव्हतं.

एक दिवस आधीच येऊन बसलेला प्राध्यापक म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ युगप्रवर्तक होता."

"असेल. लहानपणी अंथरूण ओलं करायचा."

"खणायला माणसं मिळत नसतील तर एनिस शहरातून मजूर मागवू का?"

"खबरदार!" डीलिया इतक्या जोरात ओरडली की त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

ऊन उतरायला लागलं, तरी कोणी आलं नाही. शेवटी तिनं बापाचं फावडं उचललं आणि ती कबरस्तानात गेली. भिंतीवर गावातले पुरुष ओळीनं बसले होते. कोणी खाली उतरेना. हेहर घराण्याच्या जागेवर उभं राहून तिनं फावड्यावर पाय ठेवला.

"फावडं खाली ठेव!"

मार्टी टाल्टी फाटकातून सरळ तिच्याकडे येत होता. त्याच्या खांद्यावरही फावडं होतं, पण त्याचा चेहरा पाहून डीलियाला वाटलं, हा आता मलाच हाणणार.

"रक्ताच्या माणसानं खणायचं नसतं, हे तुला शिकवायला पाहिजे होय?"

"मग कोण खणणार? तू?"

"माझ्या आईला त्यानं काय काय म्हटलंय, ठाऊक आहे ना?"

"नाही."

"नाही कसं?"

"मी वाचलंच नाही, मार्टी. घरी आलेली प्रत मी चुलीत घातली."

मार्टीनं फावडं खांद्यावरून खाली घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं तू न वाचताच तोंड लपवत फिरलीस? आम्ही निदान वाचून तरी चिडलो!"

भिंतीवर कोणीतरी फिसकन हसलं. मार्टी हसला नाही. त्यानं कोट काढून आईच्या कबरीच्या दगडावर टाकला. टाल्टींची जागा शेजारीच होती.

"आईचा एकही फोटो नाही आमच्याकडे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिचा आवाज विसरायला लागलो की मी ते पान काढतो. डांबिसानं शब्दन् शब्द उचललाय."

त्यानं फावडं मारलं, ढेप उलटली, आणि खणता खणता तो बायकी आवाजात बोलायला लागला. "'मुडद्या फिंटन, माझ्या कोंबड्यांना दगड मारतोस? थांब, सांगते तुझ्या बापाला! आणि भिजलायस केवढा, कुत्र्या. आधी आत ये, सूप घे!'"

अगदी टाल्टीबाईच. कुंपणापलीकडून रोज ऐकू येणारी. डीलिया तिथेच गवतात बसली आणि तिला रडू फुटलं. हे असलं लिहिलं होतं त्यानं? याच्यासाठी मान खाली घालून जन्म काढला?

भिंतीवरचे पुरुष एकेक करून खाली उतरले आणि कोट काढायला लागले.

"मार्टी," नाक पुसत डीलिया म्हणाली, "थांबू नकोस. पुढे काय लिहिलंय त्यानं?"