म्हणे तिला मालवणी समजत नाही!

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या लिहितोय.

आज एका मुलीच्या पुण्याच्या पाहुण्यांना सावंतवाडी फिरवली. तिचं नाव लिहीत नाही, ती हे वाचते. आमच्या कसाल गावचीच. कॉलेज मी मध्येच सोडलं, पण तिचा नाद काही सुटला नाही. तिने "येतंस काय रे?" विचारलं आणि मी मित्राची गाडी मागून आणली.

मोती तलाव झाला, लाकडी खेळणी घेऊन झाली, मग आंबोली घाट. वळणावर माकडं दिसली म्हणून मी गाडी हळू केली, तर तिच्या आतेभावाने काच खाली करून वेफर्स फेकायला सुरुवात केली. एक पिल्लू थेट चाकाजवळ आलं.

मी ओरडलो, "अरे, खायाक घालू नको तेंका! गाडयेखाली येतली मरे!"

"हा काय बोलतोय?" आतेभाव हसत तिला म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय माहीत. मला मालवणी नीट नाही समजत."

कसालची मुलगी! आईशी भांडते तीसुद्धा मालवणीत!

घरी उतरताना हळूच म्हणाली, "रागावलंस काय रे?"

मी म्हटलं, "नाही. मी कशाला रागावू?"

तिच्याशी पहिल्यांदाच असं पुस्तकी बोललो. तिचा चेहरा पडला.

आता तुम्हीच सांगा, पाहुण्यांसमोर आपली भाषा गिळायला लावते ती लाज नेमकी कसली? आणि तुम्ही तिला काय उत्तर दिलं असतंत? माका अजून सुचत नाय.