मेतकुटाची डबी

आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या खाणावळीत माझ्यासमोर बटाट्याचं वाफाळतं सूप आलं आणि माझा हात सवयीनं पर्समधल्या मेतकुटाच्या डबीकडे गेला.

"आजी, हात बाहेर!" नात कुजबुजली. "मालकीणबाईंनी खास तुझ्यासाठी मांस न घालता वेगळं शिजवलंय."

तरुणपणी पहिल्या परदेशवारीत मी शहाणी हॉटेलच्या बाथरूममध्ये दार लावून मेतकूट-पाव खायची आणि घरी येऊन सांगायची, "तिकडचं अन्न अगदी बेचव!" चाखलं होतं कुणी?

मी चमचा उचलला. लोणी, कांद्याची पात आणि एका परक्या म्हातारीसाठी केलेली खटपट. आणखी काय घालायचं राहिलं होतं?

निघताना डबी मालकीणबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी चिमूटभर मेतकूट जिभेवर ठेवलं आणि लगेच दुसरी चिमूट घेतली. मला एवढं धाडस यायला आजी व्हावं लागलं.