दगडामावशीचा ग्रुप

"मोनिका, उद्या सातला टेम्पो येतोय गं. पोळपाट-लाटनं घिऊन दारात उभी ऱ्हा. आन् एस्तेर, मागल्या येळंसारखी झोपलीस तर गोधडीसकट उचलीन!"

दगडामावशी मोबाईल भाकरीसारखा आडवा धरून ग्रुपवर आवाज सोडत हुती.

मिरजगावात लग्नाच्या चपात्या लाटनाऱ्या बायांची ती म्होरकी. निम्म्या बायांना वाचता येत न्हाई, म्हनून सगळा कारभार बोलून. ग्रुप मीच काढून दिल्ता. 'दगडामावशी चपाती ग्रुप'. वर तिचाच फोटो, हातात लाटनं. त्या नावावरच लोकं ऑर्डर द्यायचे. नववीत शाळा सोडली तवा गाव मला वाया गेला म्हनलं. मावशीनं टेम्पोतनं बाया न्यायचं-आनायचं काम दिलं.

तिची अट एकच. बाई संध्याकाळी स्वतःच्या दारात उतरली पायजे, फाट्यावर न्हाई. डिझेल केटरर छगनशेठच्या खिशातनं जायचं, त्यो यावरनं लई कुरकुरायचा.

त्या दिवशी आवाज सगळ्यांनी ऐकला. उत्तर एकीचं न्हाई.

"दमल्या आसतील," मावशी म्हनली.

सकाळी मोनिकाच्या दाराला कुलूप. एस्तेरच्या बी.

"कुनी मयत झालं का रं?" मावशीनं इचारलं. मांडीवर पोळपाट.

मंगल कार्यालयात पोचलो, तर सगळ्या बसून लाटत हुत्या. जिला मावशीनं हात धरून चपाती फिरवायला शिकवली, त्या मोनिकानं मान वर केली न्हाई.

छगनशेठ आला. "मावशी, वय झालं आता. आराम करा. पोरी करत्यात."

"ग्रुपवर सांगायचं तरी, गं," मावशी बायांना म्हनली.

लाटनी थांबली. परत सुरू झाली.

मी शिवी हासडनार, तेवढ्यात मावशीनं दंड धरला. "चल. पानी सुदिक इचारलं न्हाई एकीनं."

संध्याकाळी छगनशेठच्या गाडीतनं त्या बाया फाट्यावर उतरल्या, चालत निघाल्या. मी टेम्पो घिऊन शेजारनं गेलो. थांबलो न्हाई.

मावशी अजून त्या ग्रुपवर बोलती. "पोरींनो, जेवलात का?" म्या म्हनलं, काढून टाक त्यांला.

"त्यांनी कुठं मला काढलंय?"

लई दिवसांनी एस्तेरनं फाट्यावर मोबाईल पुढं केला. "ह्ये कार्यालय कुठंशी हाय रं?" बघितलं तर दुसराच ग्रुप. नाव त्येच, 'दगडामावशी चपाती ग्रुप'. फोटो बी मी काढलेलाच, लाटनं धरलेला. आत सगळ्या हुत्या. मावशी तेवढी न्हवती.