खिडकीतला कप

"मावशी, हा कप तुमचा. खिडकीत ठेवत जा. बाकीच्या कपांना हात लावू नका."

हे मी बोललो. साहेबांनी बोलायला सांगितलं होतं, पण तोंड माझं होतं. कमलमावशी झाडू घेऊन समोर उभी. कपाचा कान तुटलेला. तिने माझ्याकडे पाहिलं, कप घेतला, खिडकीत ठेवला. "बरं साहेब," म्हणाली.

साहेब. मला.

बडोद्याच्या वाडी भागात मी राहतो त्या गल्लीत समोरचं दार तिचं. आई कामावर जायची तेव्हा शाळेतून आल्यावर मी मावशीकडेच जेवायचो. घरी मी तिला 'अगं मावशी' म्हणतो. त्या दिवशी अहो-जाहो केलं. आम्ही एकाच जातीचे, पूर्वीचे महार, आता बौद्ध. हे कचेरीत कुणाला कळू नये म्हणून.

आमची कचेरी छोटी होती, खेड्यांतल्या कारागिरांसाठी. मी कंत्राटी ऑपरेटर, मावशी सफाईला. किटली एक, कप कुणाचाही. मग सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला. काटकसरीचा हुकूम आला आणि आम्हाला एका मोठ्या कचेरीत मिसळून टाकलं. पंखे एक झाले, शिक्के एक झाले, कपाटं एकावर एक चढली. आता कंत्राटी माणसं कमी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कोण, ते ठरायचं होतं.

नवे साहेब मराठी. हरणीला बंगला, पणजोबा संस्थानात कारभारी. माझं आडनाव ऐकून खूश झाले. बडोद्यात ही चूक नेहमीची. मराठी बोलतो म्हणजे दरबारी घराण्यातला, असं धरूनच चालतात. माझे आजोबा रेल्वेत रूळ ठोकायला आले होते. "म्हणजे आपल्यातलेच की. तुमचं बघू आपण," साहेब म्हणाले. मी मूग गिळून मान हलवली. मावशीला कुणी आडनाव विचारलं नाही. हातात झाडू होता, तेवढं पुरलं.

कप खिडकीत गेला तेव्हा रमणभाई शिपाई हसत म्हणाला, "साहेब, आ तो रामपातर थयुं." इकडे खेड्यांत दलितांसाठी वळचणीला वेगळं भांडं ठेवतात, त्याला रामपातर म्हणतात. घाण करायची आणि वर देवाचं नाव द्यायचं. सगळे हसले. मीही हसलो.

मावशी जिन्याखाली बसून त्या कपातून चहा प्यायची. संध्याकाळी गल्लीत दिसली की विचारायची, "जेवलास का रे?" एका शब्दाने तिने मला उघडं पाडलं नाही. पाडायला हवं होतं.

मग सफाईचं काम ठेकेदाराकडे गेलं. उद्यापासून येऊ नको, असं मावशीला सांगितलं. माझं कंत्राट महिनाभरापुरतं वाढलं. जाताना तिने आपला कप धुतला आणि खिडकीत पालथा घातला.

ठेकेदाराचा नवा माणूस आला. चहाच्या वेळी साहेब मला म्हणाले, "त्याला तो खिडकीतला कप द्या. तुम्ही नीट समजावता."

नीट समजावता. मी उठलो. खिडकीतला कप घेतला, किटलीतला चहा त्यात ओतला आणि साहेबांसमोर प्यायलो.

"साहेब, हा कप माझा. मी बौद्ध आहे. कमलमावशी आणि मी एकाच जातीचे."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "वाटत नाही हो तुम्ही."

एवढे दिवस मी हेच ऐकायला धडपडत होतो. आता ते शिवीसारखं लागलं. पुढच्याच आठवड्यात कळलं, महिना संपला की माझं कंत्राट पुन्हा वाढणार नाही. कारण काटकसर.

मावशीच्या दारात गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेबाचं मला काही वाटलं नाही रे. तो परका. तू सांगितलंस."

मी म्हणालो, "तक्रार करू मावशी. हा गुन्हा आहे."

"कर की. पण कप खिडकीत ठेव म्हणून कोण बोललं, ते लिहिशील?"

उठलो आणि लहरीपुऱ्यापर्यंत नुसता चालत गेलो. बाजारात ओळखीचे दोघे भेटले, केम छो म्हणाले. मी मजेत आहे म्हणालो. हे खोटं बोलणं मला किती सवयीचं झालंय, ते तिथं कळलं.

उद्या चौकीत जातोय. मावशी येणार आहे. माफ केलं म्हणून नाही. मी खरं लिहितो का, ते बघायला.

साहेबांचं नाव देईन. रमणभाईचं देईन. चौकीतला माणूस म्हणेल, अहो, स्वतःचं नाव कशाला. मी म्हणेन, लिहा. पहिलं तेच लिहा, जातीसकट.